राउटरपर्यंत दुरून पोहोचण्याची वाट कशी निवडावी

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेने एक इशारा प्रसिद्ध केला. उत्पादक कंपन्यांनी ज्यांची देखभाल केव्हाच थांबवली आहे अशा जुन्या राउटरांमध्ये ‘रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन’ म्हणजे दुरून हाताळण्याची सोय चालू राहिलेली असते, तिच्या वाटे गुन्हेगार आत शिरतात आणि मग दुसऱ्याच्या इंटरनेट जोडणीआड लपून आपले उद्योग करतात, असा त्याचा आशय होता. त्याच्या सव्वा वर्ष आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, शेकडो राउटरांचे असेच एक जाळे अमेरिकेच्या न्याय खात्याने मोडून काढले होते. ते रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या हाती गेले होते, आणि त्या राउटरांवरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता. अशा बातम्यांच्या शेवटी बहुधा एकच सल्ला असतो, की दुरून प्रवेश करण्याची सोय बंद करून टाका. घरातल्या एका राउटरपुरता हा सल्ला अगदी योग्य आहे, परंतु ज्याला अनेक गावांतले राउटर सांभाळायचे आहेत त्याला तो पाळता येत नाही.

समजा, एका पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीला आहे आणि शाखा तासगाव, विटा, आटपाडी व जत येथे आहेत. जतच्या शाखेची जोडणी बिघडली की दर वेळी माणूस पाठवायचा म्हटले, तर त्याचा दिवस जाण्या-येण्यातच मोडतो आणि तोवर सभासद काउंटरपुढे ताटकळत उभे राहतात. शिक्षणसंस्था, औषधांची घाऊक दुकाने, तालुक्यातालुक्यांत इंटरनेट पुरवणारे केबलचालक, या सगळ्यांचीच ही गरज आहे. अशा ठिकाणी काम करणारी माणसे सहसा विचारतात, की कोणते सॉफ्टवेअर वापरावे? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: राउटरचे दार नेमके कोणाकोणाला दिसणार आहे, आणि ज्या जोडणीवरून आपण आत जातो तीच तुटली तर आपण कोणत्या वाटेने जाणार आहोत. या दोहोंची उत्तरे ठरली की साधनाची निवड फारशी अवघड राहत नाही.

राउटरमध्ये शिरायचे म्हणजे कुठे शिरायचे

राउटर दोन वेगळी कामे करतो. एक काम म्हणजे शाखेतल्या संगणकांची माहिती इकडून तिकडे पोहोचवणे, जे तो अहोरात्र करत असतो. दुसरे काम म्हणजे स्वतःला कोणी सूचना देत असेल तर त्या ऐकणे: कोणत्या पत्त्याला कुठे पाठवायचे, कोणाला अडवायचे, वाय-फायचा पासवर्ड काय ठेवायचा, इत्यादी. दुरून प्रवेश म्हणजे या दुसऱ्या कामाच्या दारापर्यंत पोहोचणे होय. हे दार राउटरला एकच नसते. ब्राउझरमध्ये उघडणारे एक पान असते, जे घरोघरी १९२.१६८.१.१ अशा पत्त्यावर दिसते. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची एक सोय असते, जिला कमांड लाइन म्हणतात. काही कंपन्या आपले स्वतंत्र ॲप देतात. आणि मोठ्या राउटरच्या पाठीमागे ‘कन्सोल’ असे लिहिलेली एक खाच असते, जिच्यात वायर जोडून संगणक थेट राउटरशी बोलू शकतो.

यांपैकी पहिली तिन्ही दारे नेटवर्कवरून उघडतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो, ज्याला पोर्ट म्हणतात. कमांड लाइनपर्यंत नेणाऱ्या दोन पद्धतींपैकी टेलनेटचा पोर्ट २३, एसएसएचचा २२, ब्राउझरच्या सुरक्षित पानाचा ४४३. हे क्रमांक जगजाहीर आहेत आणि संपूर्ण इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासून कुठे कोणता पोर्ट उघडा आहे ते पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. म्हणूनच ‘आमच्या छोट्या संस्थेकडे कोण बघणार’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही. बघणारा माणूस नसतोच, ते यंत्र असते आणि त्याला छोटे-मोठे कळत नाही.

टेलनेट आता कोणत्याही कारणासाठी नको

टेलनेट ही कमांड लाइनपर्यंत पोहोचण्याची सर्वांत जुनी पद्धत आहे. तिची मुळे १९६९ मधल्या अर्पानेटपर्यंत जातात आणि तिचे आजचे प्रमाणित रूप १९८३ मध्ये ठरले. त्या काळी नेटवर्कवर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या, त्यामुळे माहिती झाकून पाठवण्याची गरज कोणाला वाटली नाही. टेलनेटमध्ये तुम्ही टाइप केलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, जसेच्या तसे वायरवरून जाते. वाटेतल्या कोणत्याही टप्प्यावर ते वाचता येते.

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड टिपून घेतले, तेव्हा तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. एसएसएच टेलनेटचेच काम करते, मात्र दोन्ही टोकांमधले सगळे संभाषण सांकेतिक रूपात जाते आणि समोरचा राउटर खरोखर आपलाच आहे का, हेही तपासता येते. तीस वर्षे होऊनही टेलनेट पूर्ण गेलेले नाही. स्वस्त राउटर, कॅमेरे आणि डीव्हीआर यांत ते चालू अवस्थेत विकले गेले, आणि त्याची किंमत २०१६ मध्ये दिसली. मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने टेलनेटचा पोर्ट उघडा असलेली उपकरणे शोधली आणि त्यांच्यावर कारखान्यातून येणाऱ्या वापरकर्ता-नाव व पासवर्डच्या साठेक जोड्या करून पाहिल्या. एवढ्या साध्या युक्तीने लाखो उपकरणे त्याच्या हाती आली. त्यांच्याच बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देण्याची, सेवा पुरवणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात तासन् तास अडखळत राहिल्या.

‘आमचे टेलनेट फक्त आतल्या नेटवर्कवरच चालू आहे’ असे काही जण म्हणतात. आतल्या एखाद्या संगणकात व्हायरस शिरला तर तोही आतच असतो, हे त्यावरचे उत्तर आहे. राउटरवर एसएसएचची सोय असेल तर टेलनेट बंद करावे. सोयच नसेल, तर तो राउटर दुरून हाताळण्याच्या लायकीचा उरलेला नाही असे समजून बदलण्याच्या यादीत टाकावा.

ब्राउझरमधले पान आणि कंपनीचे ॲप

नवख्या माणसाला ब्राउझरमधले पान सोयीचे वाटते आणि त्यात चूक काही नाही. अडचण अशी, की ते पान दाखवण्यासाठी राउटरच्या आत एक छोटा वेब सर्व्हर चालू ठेवावा लागतो, आणि जितका प्रोग्राम मोठा तितक्या त्याच्यात चुका राहण्याच्या जागा अधिक. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को कंपनीच्या आयओएस एक्सई प्रणालीतल्या अशाच पानात एक दोष उघडकीला आला. पासवर्ड ठाऊक नसतानाही बाहेरच्या माणसाला स्वतःचे नवे खाते, तेही सर्वाधिकार असलेले, तयार करता येत होते. दोषांची तीव्रता मोजण्याच्या पट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. तो कळेपर्यंत हजारो उपकरणांत घुसखोरी झालेली होती आणि इंटरनेटकडे तोंड असलेल्या उपकरणांवरचा वेब सर्व्हर ताबडतोब बंद करा, असे कंपनीने ग्राहकांना सांगितले.

मायक्रोटिक या लॅटव्हियाच्या कंपनीचे राउटर आपल्याकडे छोट्या इंटरनेट पुरवठादारांत आणि सायबर कॅफेंपासून वसतिगृहांपर्यंत बरेच दिसतात. ते हाताळण्यासाठी विनबॉक्स नावाचे सुटसुटीत साधन आहे, जे ८२९१ हा पोर्ट वापरते. २०१८ मध्ये त्यात सापडलेल्या दोषामुळे राउटरच्या आतली वापरकर्त्यांची फाइलच बाहेरून वाचता येत होती. कंपनीने एप्रिलमध्ये दुरुस्ती दिली. तरीही ऑगस्टपर्यंत जगभरात लाखाहून अधिक राउटर हल्लेखोरांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्यामागच्या ग्राहकांच्या ब्राउझरमधून आभासी चलन कमावण्याचे काम गुपचूप चालू झाले. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ज्यांनी ती बसवली नाही आणि ज्यांचा तो पोर्ट जगाला उघडा होता, तेच सापडले. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय त्या रीतीने नुकसान होत नव्हते, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पासवर्ड भक्कम असेल तर दार उघडे का ठेवू नये?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो अगदीच निराधार नाही. भक्कम पासवर्डने मिराईसारखा हल्ला नक्कीच थांबतो. पण वरच्या दोन्ही उदाहरणांत हल्लेखोराने पासवर्डचा अंदाज बांधलाच नव्हता, त्याने पासवर्डला वळसा घातला होता. बँकेची तिजोरी कितीही मजबूत असली तरी ती कोणी रस्त्याच्या कडेला ठेवत नाही. ती आतल्या खोलीत असते, आणि त्या खोलीपर्यंत पोहोचायलाच आधी दोन दारे ओलांडावी लागतात. राउटरच्या प्रवेशाचेही तसेच हवे.

एसएसएचलाही हा नियम लागू आहे, जरी ती पद्धत उत्तम असली तरी. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत, लॉग-इन न करता बाहेरून घुसता येईल असा दोष सापडला. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, वरकरणी असंबंधित प्रोग्रामात एसएसएचच्या वाटे शिरण्याचे चोरदार मुद्दाम पेरलेले आढळले. दोन्ही वेळा ज्यांचा पोर्ट मोजक्याच पत्त्यांना दिसत होता त्यांची झोप उडाली नाही. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने जून २०२३ मध्ये आपल्या केंद्रीय खात्यांना बंधनकारक आदेशच दिला, की उपकरणांचे व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवर उघडे आढळले तर १४ दिवसांत ते काढा किंवा वेगळ्या तपासणीच्या मागे न्या. आपल्या पतसंस्थेला तो आदेश लागू नाही, पण त्यामागचा हिशेब मात्र जसाच्या तसा लागू आहे.

पोर्टचा क्रमांक बदलून २२ ऐवजी ५०२२ ठेवणे ही युक्ती लोकप्रिय आहे. तिने लॉगमधली, म्हणजे राउटरच्या नोंदींमधली, गर्दी कमी होते, एवढाच तिचा लाभ. सगळे पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रामला ते दार सापडायला फार वेळ लागत नाही, म्हणून ती संरक्षण म्हणून मोजू नये.

मग दार आतल्या खोलीत न्यायचे कसे? मुख्य कार्यालयाचा इंटरनेट पत्ता कायमचा असेल, ज्याला स्टॅटिक आयपी म्हणतात, तर शाखेच्या राउटरला सांगता येते की फक्त या एका पत्त्यावरून आलेल्याशीच बोल. हा सर्वांत सोपा उपाय आहे आणि तो कोणत्याही बऱ्या राउटरवर करता येतो. दुसरा, अधिक चांगला उपाय म्हणजे व्हीपीएन: शाखा आणि कार्यालय यांच्यामध्ये इंटरनेटवरूनच एक सांकेतिक, खासगी मार्गिका तयार करायची आणि राउटरचे व्यवस्थापन फक्त त्या मार्गिकेतूनच करायचे. पूर्वी व्हीपीएनची मांडणी किचकट असे. वायरगार्ड ही नवी पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली, आज मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीपासून अनेक राउटरांत ती आयती मिळते, आणि तिची मांडणी दहा-बारा ओळींत होते. तिचा एक गुण मला विशेष महत्त्वाचा वाटतो: ओळखीची चावी नसलेल्या कोणाच्याही हाकेला ती उत्तरच देत नाही. पोर्ट शोधत फिरणाऱ्या प्रोग्रामला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

आमच्याकडे पब्लिक आयपीच नाही, मग?

पब्लिक आयपी म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा स्वतःचा पत्ता. ग्रामीण भागातल्या शाखांत हा प्रश्न हमखास येतो. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगाला पुरेनासे झाले, म्हणून पुरवठादार शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरायला देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही तिच्यामागे आहात असे समजावे. या कामासाठीच ती पत्तामाला २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आली. मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरांची गतही बहुतेक वेळा हीच असते. अशा राउटरला बाहेरून हाक मारताच येत नाही, मग एसएसएच असो वा वेब पान.

इथे दिशा उलटी करावी लागते. शाखेचा राउटर आतून बाहेर जोडणी करू शकतोच, तेव्हा पब्लिक पत्ता फक्त मुख्य कार्यालयाला घ्यावा आणि प्रत्येक शाखेच्या राउटरने स्वतःहून त्याच्याशी वायरगार्डची मार्गिका जोडावी. मार्गिका काही काळ निवांत राहिली तर वाटेतली यंत्रणा ती विसरते, म्हणून शाखेच्या बाजूने दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवत राहण्याची सूचना वायरगार्डमध्येच देता येते. ही एक ओळ विसरल्यामुळे ‘सकाळी चालते, दुपारी चालत नाही’ अशा तक्रारी येतात. मुख्य कार्यालयालाही पब्लिक पत्ता मिळत नसेल, तर भाड्याने एखादा छोटा सर्व्हर घेऊन तो मधला ठिय्या करता येतो, किंवा टेलस्केल, झिरोटियर यांसारख्या सेवा वापरता येतात, ज्या दोन्ही टोकांची गाठ घालून देण्याचे काम स्वतः करतात. त्यात आपल्या नेटवर्कच्या प्रवेशाचा काही भाग तिसऱ्या कंपनीच्या खात्यावर अवलंबून राहतो, म्हणून त्या खात्याला पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी लावणे अनिवार्य मानावे.

आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत असेल तर अडचण सुटते असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण मग राउटरही थेट जगाला दिसू लागतो, आणि अनेक ठिकाणी जुन्या पत्त्यांसाठी नियम लावलेले असतात व नव्यांसाठी लावायचे राहून गेलेले असतात.

व्हीपीएन वापरणे भारतात बेकायदा आहे, असा एक गैरसमज २०२२ पासून पसरला आहे. त्या वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांत, लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी असे म्हटले होते. संस्थांनी स्वतःच्या कामासाठी चालवलेल्या व्हीपीएनला तो नियम नाही, असा खुलासाही नंतर करण्यात आला. त्याच निर्देशांतली एक गोष्ट मात्र संस्थांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस राखायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ती कळवायची आहे. राउटरमध्ये कोण, केव्हा, कुठून शिरले याची नोंद राउटरच्याच स्मृतीत ठेवली तर वीज गेल्यावर ती पुसली जाते, म्हणून ती दुसऱ्या संगणकावर पाठवत राहावी.

एनीडेस्कवरून शाखेच्या संगणकात जाऊन तिथून राउटर उघडला तर?

अनेक तंत्रज्ञ हेच करतात, आणि तातडीच्या वेळी यात काम होते हे नाकारता येत नाही. शाखेतला कर्मचारी फोनवर आकडा सांगतो, तंत्रज्ञ त्याचा पडदा आपल्याकडे घेतो आणि त्या संगणकाच्या ब्राउझरमधून राउटरचे पान उघडतो. कायमची पद्धत म्हणून मात्र ही मला धोक्याची वाटते. राउटरचा पासवर्ड अशा संगणकावर टाइप होतो ज्यावर दिवसभर ईमेल, पेन ड्राइव्ह आणि काय काय उघडले गेलेले असते. ब्राउझर तो पासवर्ड साठवून ठेवण्याची विचारणा करतो आणि घाईत ‘हो’ दाबले जाते. शिवाय अनोळखी आवाजाला पडद्याचा ताबा द्यायची सवय कर्मचाऱ्यांना लागते. याच साधनाचा गैरवापर करून खात्यांतले पैसे काढले जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. पैशाचे व्यवहार करणाऱ्या संस्थेत तर ही सवय नकोच.

स्वतःच स्वतःला बाहेर कोंडून घेतले तर?

आतापर्यंतची चर्चा परक्याला बाहेर ठेवण्याची झाली. ज्याने हे काम केले आहे त्याला ठाऊक असते, की प्रत्यक्षात अधिक वेळा फजिती होते ती दुसऱ्याच प्रकारची: राउटरवर एखादा नियम बदलला, एंटर दाबले, आणि पडदा थिजला. नियमाने आपलीच जोडणी कापलेली असते. बसलेली फांदी तोडण्याचा हा प्रकार मोठमोठ्या कंपन्यांतही घडतो.

८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स या कंपनीचे संपूर्ण नेटवर्क कोसळले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले, कार्डाने पैसे देणे अडले, तातडीच्या ९११ क्रमांकाला लागणारे फोनही अडकले. सात टप्प्यांत चाललेल्या सुधारणेच्या सहाव्या टप्प्यात राउटरवरची एक गाळणी काढली गेली होती आणि त्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा मध्यवर्ती राउटरांवर कोसळून ते बंद पडले. पण दुरुस्तीला इतका उशीर होण्याचे कारण वेगळेच होते. राउटर हाताळण्यासाठीचे नेटवर्क त्याच मध्यवर्ती राउटरांवर अवलंबून होते, तेव्हा ते कोसळताच अभियंत्यांची आत जाण्याची वाटही बंद झाली. कर्मचाऱ्यांचे फोन त्याच कंपनीचे असल्यामुळे त्यांना एकमेकांशी धड बोलताही येईना, आणि शेवटी दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डे मिळवून कामाला लागावे लागले. नंतरच्या चौकशी अहवालात व्यवस्थापनाचे नेटवर्क स्वतंत्र नसणे हा ठळक दोष म्हणून नोंदवला गेला.

त्याच्या आदल्या वर्षी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांहून अधिक काळ बंद होते, ते आपल्यालाही आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची सगळी केंद्रे एकमेकांपासून तुटली. अशा आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासनीस प्रोग्राममध्येही दोष होता. तिथे पर्यायी वाट अस्तित्वात होती, पण तीही चालली नाही, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले. पर्यायी वाट नुसती असून भागत नाही, ती अधूनमधून वापरून पाहावी लागते, हे या घटनेतून घेण्यासारखे आहे.

या पर्यायी वाटेला तंत्रज्ञ ‘आउट ऑफ बँड’ म्हणतात. अर्थ इतकाच, की राउटर ज्या जोडणीवर काम करतो तिच्यावर अवलंबून नसलेली दुसरी जोडणी. मोठ्या ठिकाणी त्यासाठी कन्सोल सर्व्हर असतो: राउटरच्या कन्सोलच्या खाचेला जोडलेले एक छोटे यंत्र, ज्याला स्वतःचे वेगळे सिम असते. कन्सोलची वाट नेटवर्कच्या नियमांना जुमानत नाही, त्यामुळे राउटरचे सगळे नियम चुकले तरी तिथून तो ऐकतो. छोट्या शाखेला एवढा खर्च झेपत नसेल तर शाखेच्या कपाटात कन्सोलची वायर, ती यूएसबीला लावायचा जोड आणि एखादा जुना लॅपटॉप ठेवावा, सोबत जोडणीचा वेग कागदावर लिहून ठेवावा (सिस्कोला बहुधा ९६००, मायक्रोटिकला ११५२००, आणि तो चुकला तर पडद्यावर निव्वळ अगम्य चिन्हे उमटतात). मग जतच्या कर्मचाऱ्याने वायर लावायची, लॅपटॉपला आपल्या मोबाइलचे हॉटस्पॉट द्यायचे, आणि सांगलीच्या तंत्रज्ञाने त्या लॅपटॉपवरून काम करायचे. पडदा दुरून हाती घेणारे साधन इथे मात्र योग्य ठरते, कारण तो लॅपटॉप या कामाखेरीज कशालाही वापरलेला नसतो.

याहूनही स्वस्त असा एक उपाय राउटरमध्येच दिलेला असतो, आणि तो फार थोडे जण वापरतात याचे मला नेहमी वाईट वाटते. सिस्कोच्या राउटरवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी आधीची मांडणी जतन करून ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा द्यावी. दहा मिनिटांनी राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होईल आणि जतन न केलेला बदल विसरून जाईल. बदल नीट झाला तर ‘रीलोड कॅन्सल’ म्हणायचे आणि मगच जतन करायचे. बदलाने आपणच बाहेर कोंडले गेलो तर दहा मिनिटे थांबायचे, बस्स. जुनिपर कंपनीच्या राउटरांमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ हीच खात्री देते आणि तिथे राउटर पुन्हा चालूही करावा लागत नाही, ठरलेल्या वेळेत दुजोरा मिळाला नाही तर जुनी मांडणी परत येते. मायक्रोटिकमध्ये ‘सेफ मोड’ नावाचे बटण आहे, जे चालू असताना जोडणी तुटली तर तेवढ्या वेळातले बदल मागे घेतले जातात. जतला जाण्याची फेरी वाचवायला ही तीन आज्ञांची माहिती पुरेशी असते.

आता साधनाविषयी

एसएसएचसाठी विंडोजवर पुटी हे विनामूल्य साधन वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि ते चांगले आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ओपनएसएसएच आयतेच मिळते, त्यामुळे काही उतरवून घेण्याचीही गरज नाही. अनेक राउटर असतील तर पत्ते फोल्डरांत लावून ठेवणारी सिक्युअरसीआरटी, एमरिमोटएनजी यांसारखी साधने सोयीची पडतात. यांतले कोणतेही घेतले तरी सुरक्षिततेत मोठा फरक पडत नाही; फरक पडतो तो ते कुठून उतरवले यावर. पुटीच्या नावाने घातक बनावट आवृत्त्या शोधयंत्रांतल्या जाहिरातींमधून पसरवल्या गेल्या आहेत, म्हणून शोधाच्या पहिल्या ओळीवर डोळे झाकून टिचकी मारू नये.

पहिल्यांदा जोडणी करताना एसएसएच समोरच्या राउटरची अक्षर-अंकांची लांबलचक खूण दाखवते आणि विश्वास ठेवायचा का, असे विचारते. जवळपास सगळेच न वाचता ‘हो’ म्हणतात. राउटर बसवतानाच, तो टेबलावर समोर असताना, ती खूण एका वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवली तर पुढे ताळा करता येतो. पुढे कधी ‘खूण बदलली आहे’ असा इशारा आला आणि राउटर बदललेला किंवा नव्याने मांडलेला नसेल, तर पासवर्ड टाइप न करता तिथेच थांबावे.

जुन्या राउटरांशी जोडताना आणखी एक अडचण येते. ओपनएसएसएचच्या २०२१ मधल्या ८.८ या आवृत्तीपासून सांकेतिक सह्यांची एक जुनी, कमकुवत झालेली पद्धत मुळातच बंद ठेवली आहे, त्यामुळे ‘जुळणारी पद्धत सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. इंटरनेटवर मिळणारा झटपट उपाय म्हणजे आपल्या संगणकावर ती पद्धत सरसकट चालू करणे. त्याऐवजी ती परवानगी एसएसएचच्या मांडणीच्या फाइलमध्ये फक्त त्या एका राउटरच्या नावापुढे लिहावी, म्हणजे इतर सगळ्या जोडण्यांचे संरक्षण कायम राहते.

पासवर्डऐवजी चाव्यांची जोडी (एक गुप्त चावी आपल्या संगणकावर, तिची जोडीदार राउटरवर) वापरावी आणि प्रत्येक माणसाचे खाते वेगळे ठेवावे. ‘ॲडमिन’ या एकाच खात्यावरून पाच जण शिरत असतील तर बदल कोणी केला हे लॉगमधून कधीच कळणार नाही, आणि त्यांतल्या एकाने नोकरी सोडली की सगळ्या शाखांचे पासवर्ड बदलावे लागतील, जे कंटाळ्यापोटी राहून जाते. खाती वेगळी असली की त्याची तेवढी चावी काढून टाकायला काही मिनिटे लागतात.

आणि घरातला राउटर?

घरातल्या राउटरमध्ये दुरून शिरण्याची गरज सहसा कोणालाच नसते. पुरवठादाराला मात्र असते: तक्रार नोंदवल्यावर तो फोनवरच ‘इकडून सेटिंग करतो’ म्हणतो, तेव्हा बहुधा टीआर-०६९ ही २००४ पासूनची पद्धत वापरतो. तीही चुकीच्या मांडणीमुळे घातक ठरू शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराईच्याच एका अवताराने या पद्धतीसाठी ठेवलेल्या ७५४७ या पोर्टवर हल्ला केला आणि जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांच्या जोडण्या विस्कळीत झाल्या. हा पोर्ट नीट बंदिस्त ठेवणे हे पुरवठादाराचे काम आहे. आपल्या हातात तीन गोष्टी असतात: कारखान्यातला पासवर्ड बदलणे, फर्मवेअर म्हणजे राउटरचा मूळ प्रोग्राम अद्ययावत ठेवणे, आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅन ॲक्सेस’ अशा नावाची सोय बंद आहे ना ते पाहणे.

दार बाहेरून दिसते का, याची खातरजमा घरी किंवा शाखेत कोणालाही करता येते. राउटरच्या वाय-फायवर असताना ‘माझा आयपी पत्ता कोणता’ असे शोधून तो लिहून घ्यावा. मग फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावरून, ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकावा, एकदा नुसता आणि एकदा मागे अपूर्णविराम देऊन ८०८० हा आकडा जोडून. काहीच उघडले नाही तर निदान ही दोन नेहमीची दारे बाहेरून दिसत नाहीत. लॉग-इनचे पान दिसले आणि ते आपल्याच राउटरचे निघाले, तर त्याच दिवशी त्याच्या आत जाऊन ती सोय बंद करावी, पासवर्ड बदलावा, आणि आपण न बनवलेले एखादे खाते किंवा न दिलेला एखादा डीएनएसचा पत्ता तिथे आधीच येऊन बसला आहे का, ते तपासावे.